बाराव्या पाहणीचा शेरा

हिरवी पुस्तिका टेबलावर ठेवत मोठ्या बाई म्हणाल्या, "यातले तीन नियम पाठ करा. बाकी विसरलात तरी चालेल."

पाहणीसाहेबांनी मान डोलावली. सरकारी योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या या कार्यालयात लागून त्यांना चारच महिने झाले होते आणि मान डोलावणं आता चांगलं जमू लागलं होतं. पहिला नियम, संमती घेतल्याशिवाय कोणाला काही विचारायचं नाही. दुसरा, उत्तर कोणाच्या तोंडात घालायचं नाही आणि मिळालेलं बदलायचं नाही. तिसरा, अहवाल वस्तीला वाचून दाखवायचा आणि वस्ती देईल तो शेरा जसाच्या तसा शेवटी जोडायचा. डोंगरातल्या मूळ रहिवाशांना आजवर सगळ्यांनी गृहीत धरलं, म्हणून हे नियम केले होते. साहेबांना ते मनापासून पटले होते.

"घरोघरी नळ योजना," बाई म्हणाल्या. "कागदावर पूर्ण आहे. लोक समाधानी असतील तर फाइल बंद. नसतील तर पुढची कार्यवाही. सोपं काम आहे."

सोपं काम डोंगराच्या पायथ्याशीच अवघड झालं. तिथे पाइपांचा ढीग पडला होता आणि त्याच्या फटींतून गवत वर आलं होतं. एका पाइपात कोंबडी निवांत अंडी उबवत बसली होती. तासभर धापा टाकत साहेब वस्तीत पोहोचले, तोवर नळ नावाची वस्तू त्यांना कुठेही दिसली नाही.

वस्तीच्या मधोमध झाडाखाली एक बाकडं होतं. त्यावर वस्तीची कारभारीण बसली होती. ती सरकून बसली, साहेबांना जागा दिली आणि सुनेला हाक मारली. सुनेनं पेला पुढे केला. साहेबांनी दोन पेले घटाघटा रिकामे केले.

"कुठून आणता पाणी, मावशी?"

"पलीकडच्या झऱ्यावरून. जायला अर्धा तास, यायला पाऊण. येताना हंडा भरलेला असतो ना."

तिसऱ्या पेल्याकडे गेलेला हात साहेबांनी मागे घेतला. त्यांना स्वतःची लाज वाटली. शिवाय संमती न घेताच आपण प्रश्न विचारून बसलो, हेही ध्यानात आलं. त्यांनी घाईघाईनं कागद काढला आणि घसा साफ केला.

"या पाहणीत भाग घेणं तुमच्यावर..."

"बंधनकारक नाही," कारभारीण म्हणाली. "मधेच माघार घेता येईल. माघार घेतली म्हणून कोणताही लाभ थांबणार नाही. दुसऱ्या पानावर फोन नंबर आहे, तो लागत नाही. गेल्या वर्षीच्या साहेबांनाही सांगितलं होतं."

"म्हणजे याआधी पाहणी झालीय?"

"अकरा वेळा. प्रत्येक साहेब एक पेन देऊन जातो."

साहेबांनी गोंधळून आपलं पेन तिच्या हाती दिलं, मग लिहायला काही उरलं नाही म्हणून परत मागून घेतलं. "घरोघरी नळ योजनेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

"समाधानी."

"पण नळ कुठाय?"

"नळ नाही."

"मग समाधानी कशाबद्दल?"

"'कशाबद्दल' असं तुमच्या कागदात विचारलंय का?"

विचारलं नव्हतं. साहेब पुढच्या घरी गेले. तिथेही समाधानी. छप्पर शाकारणाऱ्या एका माणसानं तर खाली न बघताच वरून 'समाधानी' असं सांगून टाकलं. 'नीट विचार करून सांगा' हे शब्द साहेबांच्या ओठांवर आले होते, पण तेही उत्तर तोंडात घालणंच झालं असतं, म्हणून त्यांनी ते गिळले. दुपार कलेपर्यंत अठ्ठेचाळीस घरं झाली आणि अठ्ठेचाळीस खुणा एकाच चौकोनात पडल्या. आपण चुकीच्या वस्तीत आलो की चुकीच्या नोकरीत, हे साहेबांना कळेना.

ते बाकड्यावर येऊन बसले. "मावशी, नियमात बसत नाही, तरी सांगतो. हे असंच गेलं तर फाइल बंद होईल. पाणी कधीच येणार नाही."

"आणि असमाधानी लिहिलं तर काय होतं, ठाऊक आहे?" सून म्हणाली. "पाचव्या पाहणीत लिहिलं होतं. कार्यवाही झाली. तीन दिवसांचं शिबिर. पाण्याचं महत्त्व समजावून सांगायला बावीस साहेब आले. त्यांना पाणी कोणी पाजलं? मी. दिवसाला चार खेपा."

मग त्यांना तिसरा नियम आठवला आणि जीव भांड्यात पडला. तिथेच बसून त्यांनी अहवाल लिहिला. नळ नाहीत, पाइप पायथ्याशी पडून आहेत, लोक समाधानी आहेत. सगळं खरं होतं आणि सगळं मिळून काहीच्या काही वाटत होतं. त्यांनी ते झाडाखाली जमलेल्या वस्तीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आता तुमचा शेरा सांगा. मनात येईल ते. एक शब्द बदलणार नाही मी."

बायकांची बराच वेळ कुजबुज चालली.

"लिहा," कारभारीण म्हणाली. "पाहणीला येणाऱ्या साहेबांची पाण्यावाचून फार गैरसोय होते."

"एवढंच?"

"तुम्ही तिसरा पेला घेतला नाहीत. अकराही साहेबांनी नेमकं तेच केलं. लिहा."

"आणि तुमची गैरसोय?"

"उत्तर तोंडात घालू नका, दादा."

साहेबांनी लिहिलं. डोंगर उतरताना त्यांना फार वाईट वाटत होतं. एवढी हुशार बाई, एवढी चांगली संधी, आणि मागितलं काय तर पाहुण्यांची सोय.

मोठ्या बाईंनी अहवाल चाळला. 'नळ नाहीत, लोक समाधानी' या वाक्यावर त्या थबकल्याही नाहीत. शेऱ्यापाशी मात्र त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"पाण्यावाचून गैरसोय? आपल्या माणसांची? अहो, मग आधी बोलायचं नाही का?" असं म्हणत त्यांनी फोन उचलला.

तीन आठवड्यांनी साहेबांना काम पाहून यायला सांगितलं. पायथ्याशी पाइपांचा ढीग नव्हता. कोंबडी पिल्लं घेऊन रस्त्यावर फिरत होती. वर वस्तीत बाकड्याशेजारी चकचकीत नळ होता आणि त्यावर पाटी, 'फक्त पाहणी अधिकाऱ्यांसाठी'. पाटीखाली हंड्यांची लांबलचक रांग लागली होती, पण नळाला कोणी हात लावलेला नव्हता. रांगेतल्या बायका साहेबांचीच वाट बघत होत्या.

"बसा, दादा," कारभारीण म्हणाली. तिनं जुन्या संमतीपत्राची कोरी बाजू पुढे केली. त्यावर निळ्या शाईत काहीतरी नीट लिहिलेलं होतं. "तुमच्या नळाचं पाणी वस्तीनं भरायला तुमची संमती आहे का? बंधनकारक नाही. वाचून दाखवू का?"

साहेबांच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. त्यांना फार बरं वाटलं. ते नुसतेच मान डोलावत राहिले.

"मान चालत नाही, सही लागते," सून म्हणाली आणि तिनं पेन दिलं.

साहेबांनी सही केली. सुनेनं पहिला हंडा नळाखाली लावला. कारभारणीनं सही नीट तपासली, कागदाची घडी कमरेला खोचली आणि पेन परत मागून घेतलं.