प्रल्हादकाकांचा झेल

"ग्लोव्ह? मला?" प्रल्हादकाका वझलवार इतक्या मोठ्यानं हसले, की पुढच्या रांगेतल्या बाईनं दचकून आपलं कोल्ड्रिंक सांभाळलं. "अगं अनया, तुझा आबा नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा डीप मिडविकेट होता! मे महिन्याचं ऊन, लेदरचा बॉल आणि उघडे हात! ग्लोव्ह घालून झेल घ्यायचा म्हणजे मोजे घालून वरणभात कालवायचा!"

"आबा, धिस बॉल इज रिअली हार्ड," अनया म्हणाली आणि ग्लोव्ह आपल्या मांडीवर ठेवला. वय वर्षं बारा, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये. बॉल अंगावर आला की डोळे मिटून घ्यायची, त्यामुळे बहुतेक वेळ बेंचवर. तिच्या सगळ्या टीमला या बेसबॉल फायनलची तिकिटं मिळाली होती, म्हणून आबा आणि सुचित्राआजी अ‍ॅशबर्नहून तासभर ड्राइव्ह करून तिला घेऊन आले होते. इथल्या गावाची टीम हेरन्स. अकरा वर्षांनी फायनलला पोचलेली. अख्खं गाव निळ्या टोप्या घालून लोटलं होतं.

"बॉलला घाबरायचं नाही. आज आला ना इकडे, तर दाखवतोच तुला!" काकांनी जाहीर केलं.

"आला तर खाली वाका," सुचित्राकाकू हॅट सारखी करत म्हणाल्या. "मागच्या महिन्यात लाइट बल्ब बदलताना मान धरली होती तुमची."

आता प्रल्हादकाकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पाणी खात्यात एकतीस वर्षं नोकरी करून ते रिटायर झाले आणि तेव्हापासून त्यांना तंद्री लागायला लागली. सिग्नल हिरवा व्हायचा, पुन्हा लाल व्हायचा, काका आपले समोरच्या मेपलकडे बघत बसलेले! डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे. काकू म्हणाल्या, तेच तर!

आणि बेसबॉल हा खेळ तर तंद्रीसाठीच काढलेला. मधोमध उभा राहिलेला पिचर, म्हणजे इथला बोलर, टोपी काढतो, घालतो, मान हलवतो, थुंकतो, विचार करतो. तोवर कापलेल्या गवताचा वास येतो. कुठूनतरी ऑर्गन वाजतो. सप्टेंबरचं ऊन मधासारखं खांद्यावरून ओघळत राहतं. एक ढग येतो, मैदानावरून आपली सावली ओढत नेतो, आणि चाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी उगीचच जवळ येऊन बसतं.

"आबा, लिसन," अनया समजावत होती. "बॉल इकडे स्टँडमध्ये आला ना, तर रन नाही, आणि तो बॉल आपला. यू कॅन टेक इट होम. पण आपल्या टीमचा फील्डर बॉलकडे येत असेल, तर त्याला घेऊ द्यायचा. कारण त्यानं पकडला तर बॅटर आऊट. गॉट इट?"

"गॉट इट," काका म्हणाले. खरं तर 'टेक इट होम'पर्यंतच त्यांनी ऐकलं होतं. पुढच्या वेळात ते एका ढगाबरोबर नागपूरला गेले होते.

शेवटचा डाव आला. हेरन्स एका रननं पुढे. समोरच्या टीमचे दोन आऊट, एक जण रन पुरी करायला बेसवर टपलेला. आता आणखी एकच आऊट, म्हणजे काकांच्या भाषेत विकेट, आणि कप हेरन्सचा! सगळं स्टेडियम उभं राहिलं. काकाही उभे राहिले, पण पाय आखडले होते म्हणून.

ठक्!

बॉल वर गेला. वर, आणखी वर. बाकी कुणाचं माहीत नाही, पण काकांसाठी सगळे आवाज बंद झाले. निळ्या आभाळात एक पांढरा ठिपका, आणि तो फक्त त्यांच्यासाठी खाली येत होता. कॉलेजचं मैदान, कडेचं कडुनिंबाचं झाड, लिंबू-सरबताची गाडी, बावीस वर्षांचा सडपातळ प्रल्हाद! गुडघे कुरकुरले नाहीत. पाय आपोआप सरकले. हात आपोआप वर गेले.

थप्प!

झेल! उघड्या हातांनी! अनयाचे डोळे चक्क उघडे होते, ताटलीएवढे!

कठड्यापलीकडून एक निळा शर्ट धाडकन येऊन आदळला आणि खाली बसला. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. कारण तेवढ्यात सगळं स्टेडियम गरजलं.

"बूऽऽऽऽ!"

काकांना ते "वाऽऽऽऽ!" असं ऐकू आलं. एकतीस वर्षांत ऑफिसात कुणी साधी टाळी वाजवली नव्हती, आणि आज आठ हजार माणसं! काकांनी बॉल उंच धरला. पूर्वेला वाकले, पश्चिमेला वाकले. मोठ्या स्क्रीनवर स्वतःला बघून तर त्यांनी हातच जोडले!

"अहो, काय करून राहिले! बसा खाली!" काकू त्यांचा शर्ट ओढत होत्या.

"लोकांचं प्रेम आहे गं!"

तेवढ्यात एक पॉपकॉर्नचा डबा प्रेमानं येऊन त्यांच्या डोक्यावर रिकामा झाला.

जीवदान मिळालेल्या बॅटरनं पुढचाच बॉल भिंतीपलीकडे भिरकावला. बेसवरचा आणि तो स्वतः, दोन रन! हेरन्स मागे पडले, आणि त्यांना ते काही भरून काढता आलं नाही. मॅच संपली. निळ्या टोप्या गप्प झाल्या, मग सगळ्या मिळून एकाच दिशेला वळल्या.

दोन धिप्पाड गार्ड आले. "सर, आमच्याबरोबर चला."

"बघ," काका काकूंना म्हणाले, "मॅन ऑफ द मॅच!"

स्टँडखालच्या बोळात पोचल्यावर अनयानं सगळं सांगितलं. पहिल्यांदा इंग्लिशमध्ये, मग काका नुसतेच बघत राहिले म्हणून मराठीत. "आबा, तो फील्डर कॅच घेणार होता. तू घेतलास. म्हणून ते हरले."

काका तिथल्या एका उलट्या बादलीवर बसले. अकरा वर्षं! सगळं गाव! बॉल हातात होता, पण आता तो विटेसारखा जड लागत होता.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि तोच निळा शर्ट आला. डॅनी त्याचं नाव. तिशी ओलांडलेला, गुडघ्याला बर्फ बांधलेला. आज त्याची शेवटची मॅच, हे अनयाला माहीत होतं. काका ताडकन उठले. "मला माफ करा. मला तंद्री लागते."

डॅनीनं इकडेतिकडे पाहिलं. मग काकांच्या कानाशी वाकला.

"मला बॉल दिसतच नव्हता," तो हळूच म्हणाला. "डोळ्यांत ऊन होतं. मी नुसताच धावत होतो. तुम्ही नसता, तर तो माझ्या तोंडावर पडला असता, आणि जन्मभर गावानं तेच काढलं असतं. थँक यू, सर. पण प्लीज, कुणाला सांगू नका."

 कडुनिंबाच्या झाडापाशी उन्हात डोळे दिपलेला एक मुलगा काकांनाही चांगला आठवत होता.

"नाही सांगणार," ते म्हणाले.

"काय म्हणाला?" गाडीत काकूंनी विचारलं.

"काही नाही. गुडघ्याबद्दल."

मागच्या सीटवरून अनया म्हणाली, "आबा, तू डोळे मिटले नाहीस. हाऊ?" काका उत्तर द्यायला वळले आणि स्टिअरिंगवरचं त्यांचं बोट सगळ्यांना एकदमच दिसलं. वांग्याच्या रंगाचं आणि जवळजवळ वांग्याच्याच आकाराचं!

"गाडी थांबवा!" काकू किंचाळल्या. त्या स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या आणि वाटेतल्या पहिल्याच क्लिनिकसमोर गाडी लावली.

एक्स-रे बघणारा तरुण डॉक्टर स्वभावानं गोड होता. फक्त त्याच्या खिशातून निळी टोपी डोकावत होती. त्यानं कागदावरचं नाव वाचलं, काकांचा चेहरा पाहिला, पुन्हा कागद पाहिला.

"तुम्हीच ते?"

काकांनी तोंड उघडलं. एक वाक्य. एकच वाक्य बोलले असते, तर सुटले असते! ते वाक्य जिभेच्या टोकाशी आलं, तिथं जरा घुटमळलं, आणि काकांनी ते गिळून टाकलं.

"हो," ते म्हणाले. "मीच."

"अच्छा," तो हसला आणि त्यानं काकांचं बोट हातात घेतलं. "सरळ करावं लागेल. थोडंसं दुखेल हं."

बाहेर बाकावर बसलेल्या अनयाला आतून जो आवाज आला, तो ना "वाऽऽऽ" होता, ना "बूऽऽऽ." तो अस्सल नागपुरी "आई गंऽऽऽ!" होता.