पोटानं पारखलेले टायर

आमचे शेजारी देविदासभाऊ रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीच्या टायरमध्ये नख रुतवून पाहतात. अकोटच्या स्टँडवर त्यांनी एसटीलाही सोडलं नाही. कंडक्टर ओरडला, "ओ काका, हवा काढून राहिले काय?" हे शांतपणे म्हणाले, "हवा नाही बाप्पा, रबर पाहून राहिलो. कडक हाये तुमचं."

माणूस तसा शहाणा. भाजीपाल्याची बागायत, जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप. तिचे चारही टायर घासून पार गोटा झालेले. एरवी एका दुपारात बदलले असते, पण आता प्रश्न कल्याणीचा होता. ही त्यांची एकुलती एक लेक. जावई सेमाडोहाच्या जंगलात आतल्या एका गावात मास्तर. पोरीला सातवा लागलेला, अन् पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. तिला आणायचं म्हणजे आधी चार किलोमीटर दगडगोटे, मग घाट. त्यात घरात वहिनी नाहीत, जाऊन तीन वर्षं झाली. अशा बिनआईच्या घरी सासरचे पाठवतील का, ही धास्ती भाऊंना दिवसरात्र होती. बोलायचे मात्र टायरबद्दलच.

अमरावतीच्या दुकानात आम्ही पाच चकरा मारल्या. चिखलाचे टायर पकड धरतात, पण हाडं खिळखिळी करतात. डांबरी रस्त्याचे नरम, पण दगडानं कुशीत फाटतात. शेठ शेवटी कावला. "भाऊ, टायर पाहून राहिले का सोयरीक?"

"सोयरीक चुकली तं चार लोकं सांभाळून घेतात. घाटात टायर चुकला तं कोन घेते?"

मग भाऊंनी युक्ती काढली. ज्याच्या गाडीला जे टायर, ती गाडी मागून आणायची, मला मागच्या सीटवर बसवायचं अन् नदीच्या गोट्यांतून फिरवायचं. मीच का? तर माझं सुटलेलं पोट! "मास्तर, तीस वर्षं पोट्टे शिकवून हे कमावलं, आता कामी येऊ द्या." दर शंभर पावलांवर गाडी थांबे. "पोटाले काही जाणवलं?"

एकदा जाणवलं. चांगली कळच आली. भाऊंनी ते टायर तिथल्या तिथं बाद केले. खरं म्हणजे दोष टायरचा नव्हता, आदल्या दिवशीच्या रोडग्यांचा अन् वांग्याच्या भाजीचा होता. पण हे सांगायची माझी काही हिंमत झाली नाही.

शेवटी ना चिखलाचे ना डांबराचे, असे मधले टायर बसले अन् आम्ही निघालो. जाताना भाऊ दर वळणावर खाली उतरून टायर चाचपत. बैलगाडीवाल्यानं आम्हाला मागे टाकलं अन् वर हसला.

पोरीच्या सासूबाईंनी चहा दिला अन् भाऊंना ज्याची धास्ती होती तेच बोलल्या. "भाऊ, राग नका मानू. तुमच्या घरी बाईमानूस नाही. इचं कोन करन? इथंच राहू द्या."

कल्याणी खाली मान घालून बसली. मला वाटलं, संपलं. एवढा मोठा खटाटोप पाण्यात गेला.

देविदासभाऊंनी कप खाली ठेवला. "बाई, मी शिकलो."

"काय शिकले?"

"सारं. दोन महिने झाले, हे मास्तर बाहेर गेले का यायच्या मास्तरीनबाईपाशी बसतो. डिंकाचे लाडू कराले येतात. शेक कसा द्याचा, लेकराले पायावर घेऊन कसं न्हाऊ घालाचं, सारं. आधी उशी घेऊन केलं, मंग शेजारच्या सुनेनं आपलं लेकरू देल्लं." त्यांनी कल्याणीकडे पाहिलं. "तिच्या मायसारखं नाही जमनार. पन हे माहेर हाये ना तिचं, बाई. ते बंद नका करू."

आमच्या हिनं मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

सासूबाई उठल्या, आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कल्याणीची बॅग होती. ती त्यांनी स्वतः नेऊन जीपमध्ये ठेवली.