साळिंदरांचा सतरावा नंबर

डॉ. केळुसकरांनी पहिल्याच भेटीत मला सहावा नंबर दिला. मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला नुकताच राहायला आलो होतो आणि विरजण मागायला वाटी घेऊन त्यांच्या दारात उभा होतो. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या आजवरच्या शेजाऱ्यांत तुम्ही सहावे. वर यायला स्कोप आहे."

"एकूण शेजारी किती झाले?" मी विचारलं.

"सहा," आतून काकू म्हणाल्या.

पुढे पलीकडच्या घरात एक पोलिश जोडपं आलं, तेव्हा मी सातवा झालो.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांना झोपवून ते निवृत्त झाले होते आणि आता जागेपणी दिसेल त्या गोष्टीला नंबर देत होते. गावातले राउंडअबाउट, हॉस्पिटलच्या कँटीनमधली बिस्किटं, मंडळाच्या दिवाळीतला फराळ. एकदा कुलकर्णी वहिनींना त्यांनी भर हॉलमध्ये सांगितलं, "करंजी गेल्या वर्षी दुसरी होती. यंदा पाचवी." वहिनींचा चेहरा उतरला. "भावना बाजूला ठेवा, वहिनी. सारण खुळखुळतंय." भावना बाजूला ठेवा, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे लग्न ठरवतानाही त्यांनी तेच म्हटलं होतं.

पण या सगळ्या किरकोळ याद्या. खरी यादी होती अमेरिकन कॉलेज फुटबॉलची.

मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, "शंभरावर कॉलेजं. सगळी एकमेकांशी खेळत नाहीत. मग पहिलं कोण? तर शहाणी माणसं बसतात, वाद घालतात आणि मतं देतात. मैदानापेक्षा मीटिंगमध्ये जास्त खेळला जाणारा खेळ आहे, सबनीस. आपल्या लोकांसाठीच आहे."

म्हणून दर शरद ऋतूत, दर रविवारी बारा वाजता, त्यांच्या कंझर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत, निवड समिती बसे. अध्यक्ष डॉक्टर, सदस्य काकू आणि मी. माझी नेमणूक विरजणाच्या मोबदल्यात झाली होती. देवघरातली घंटा वाजवून सभा सुरू व्हायची. डॉक्टरांनी सगळ्या संघांना मराठी नावं दिली होती. मगरी, बैल, गरुड. वाघ तीन निघाले, तेव्हा थोरले वाघ, मधले वाघ आणि धाकटे वाघ. आदल्या दिवशीचे निकाल इंटरनेटवरून छापून फाइलला लावलेले असत. मी ते वाचून मत द्यायचो. काकू फोटोतल्या खेळाडूंच्या कपड्यांवरून द्यायच्या.

"ते मोरपंखीवाले वर घ्या."

"ते हरलेत, सुमन. सव्वीस पॉइंटांनी."

"हरले तरी नीट दिसत होते."

आणि एक संघ होता साळिंदरांचा. ते अमेयचं कॉलेज. अमेय त्यांचा एकुलता एक मुलगा. इथे मेडिकलची सीट मिळालेली असताना ती सोडून तो अठराव्या वर्षी अमेरिकेला इंजिनिअरिंगला गेला आणि नोकरी धरून तिथेच राहिला. पहिली दोन वर्षं बापलेकांत कामापुरतं बोलणं होतं. कामही फारसं नव्हतं.

आता मात्र दर रविवारी दुपारी मी वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पंचवीस नावांची यादी टाइप करायचो, कारण डॉक्टर एका बोटानं टाइप करत. ती अमेयला ईमेलनं जायची. चारच्या सुमारास फोन वाजायचा. डॉक्टर साडेतीनपासूनच फाइल मांडीवर घेऊन फोनशेजारच्या खुर्चीत बसलेले असत.

"अरे, आठवाच नंबर मिळणार. तुमचं शेड्यूल बघ. निम्मे संघ नर्सरीतले आहेत... नाही, नाही, भावना बाजूला ठेव... जेवलास का? ते राहू दे, डिफेन्सचं बोल."

हे तासभर चाले. आणि साळिंदरं कितीही चांगली खेळली, तरी डॉक्टर त्यांना लायकीपेक्षा चार-पाच पायऱ्या खालीच बसवत. मला वाटायचं, मेडिकलच्या त्या सीटचा राग अजून गेलेला नाही.

एका वर्षी साळिंदरांनी कहर केला. सगळ्यांना हरवलं. थोरल्या वाघांना त्यांच्या घरी जाऊन हरवलं. त्या रविवारी काकूंनी आणि मी त्यांना पहिला नंबर दिला. डॉक्टरांनी अकरावा.

"दोन विरुद्ध एक आहे, डॉक्टर," मी म्हणालो.

"अध्यक्षांना व्हेटो असतो."

"कुठे लिहिलंय?"

"आता लिहून घ्या."

मी वर गेलो. मी तसा शांत माणूस, कुणाच्या घरात ढवळाढवळ करत नाही. पण त्या दिवशी मला त्या न पाहिलेल्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटली. मी साळिंदरांना पहिल्या नंबरावर टाइप केलं आणि यादी पाठवून दिली.

चार वाजले. सव्वाचार झाले. डॉक्टरांनी फाइल दोनदा चाळली. साडेचारला रिसीव्हर उचलून कानाला लावला, टोन येतोय हे पाहिलं आणि पटकन खाली ठेवला, कारण तेवढ्यात फोन आला तर लाइन बिझी लागेल. पाचला मला राहवेना. वर जाऊन पाहिलं, तर अमेयचं उत्तर येऊन पडलं होतं. एक ओळ: फायनली. फेअर इनफ, बाबा.

मी ती छापून खाली आणली आणि काय केलं ते सांगितलं. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून मिटला.

"यादी बरोबर केलीस तू," ते म्हणाले. तोवर त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "पण बरोबर यादीवर तो काय बोलणार?"

काकू चहा ठेवायला उठल्या. जाताना माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाल्या, "मी दर वेळी पहिलाच देते रे त्यांना. हे खाली आणणार हे माहीत असतं म्हणून."

पुढच्या रविवारी साळिंदरं चाळीस पॉइंटांनी जिंकली. मी उभा राहून त्यांना सतरावा नंबर सुचवला.

"सतरावा जरा जास्त होतो," डॉक्टर म्हणाले.

"भावना बाजूला ठेवा, डॉक्टर."

त्यांनी घंटा वाजवून ठराव मंजूर केला. फोन साडेतीनलाच आला. अमेयचा आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. डॉक्टर इतके खूश मी कधी पाहिले नव्हते.

गेल्या फेब्रुवारीत डॉक्टर गेले. अमेय आला, पंधरा दिवस राहिला, सगळं नीट केलं आणि परत गेला. मग रविवारी त्याचे फोन यायचे. कशी आहेस, ठीक आहे, औषधं घेतेस ना, घेते. दोन मिनिटांत संपायचे. काकू फोन ठेवून थोडा वेळ तिथेच उभ्या राहायच्या, हे मी खिडकीतून पाहत असे.

सप्टेंबरात सीझन सुरू झाला. पहिल्या रविवारी बारा वाजता काकूंनी मला बोलावलं. टेबलावर घंटा होती.

"लिही," त्या म्हणाल्या. "साळिंदरं पंचवीस."

"काकू, काल ती जिंकली आहेत."

"त्यांचा रंग मला पहिल्यापासून आवडत नाही."

मी यादी पाठवली. पावणेचारला फोन वाजला. काकू डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या, दोन रिंग होऊ दिल्या आणि मग रिसीव्हर उचलला.

"हे बघ अमेय, भावना बाजूला ठेव," त्या म्हणाल्या, आणि मला हातानं फाइल मागितली.

मी ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि चहा करायला आत गेलो. त्यांच्या कपातला चहा मला दोनदा गरम करावा लागला.