‘क’ काय आन ‘ण’ काय

“‘क’ काय आन ‘ण’ काय, शेवटी पाणीच की,” उमाशंकर भाऊजी पुस्तकावर वाकून पुटपुटले. पलीकडे भाकरी थापणाऱ्या उज्वलाला ते स्वच्छ ऐकू आलं. लातूरच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि अभ्यास यांच्यामध्ये एक पडदाच काय तो होता.

घर भाऊजींचं. उज्वला हदगावहून लेकाला, सत्यमला, क्लाससाठी घेऊन आली, तेव्हा या थोरल्या दिरानं वरचा मजला दिला आणि भाड्याचं नावही काढलं नाही. भाडं म्हणायचं तर एवढंच, की दर शनिवारी नांदेडहून बसनं येऊन ते सत्यमला केमिस्ट्री शिकवत. भाऊजी भावकीतले एकुलते एक बी.एस्सी. डिग्री हातात पडल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी सरकारी कचेरीत जावक पत्रांवर नंबर टाकले होते. पण आपल्यावाचून रसायनशास्त्र पोरकं झालंय, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

सध्या गाडं द्रावणांवर अडलं होतं. मिठाचं वीस टक्के द्रावण, अडीचशे ग्रॅम. त्यात पाणी किती?

“अडीचशे,” भाऊजी म्हणाले. “शंभर ग्रॅम द्रावकात वीस ग्रॅम मीठ. सरळ हाय.”

“मोठे काका, द्रावकात न्हाई, द्रावणात. मीठ पन्नास, पाणी दोनशे, मिळून अडीचशे.”

“मला शिकवून राहिला का? लिही अडीचशे.”

सत्यमनं लिहिलं. टेस्टमध्येही तो असंच लिहायचा, कारण पेपर घरी आला की काका तपासायचे. तसे बरेच मार्क विरघळून गेले होते. सोमवारी पुन्हा टेस्ट होती. आता घसरला तर शेवटच्या बॅचला रवानगी, आणि मग त्याचा बाप दोघांना हदगावला परत न्यायला येणार, हे उज्वलाला पक्कं ठाऊक होतं. पण ज्याच्या छपराखाली झोपायचं, त्याला हिशेब कसा समजावायचा?

“थांब, प्रयोगच दाखवतो,” म्हणत भाऊजींनी काट्यावर पातेलं ठेवलं, काटा शून्यावर आणला, अडीचशे ग्रॅम पाणी ओतलं, पन्नास ग्रॅम मीठ ढवळलं. काट्यानं तीनशे दाखवले.

“काटा खराब हाय.”

शेजारच्या सिंधुताईंचा काटा आणला. तीनशे. मग भाऊजी पातेलं घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. तिथंही, पातेल्याचं वजन वजा जाता, तीनशेच.

“लातुरात एक काटा धड न्हाई,” परत येऊन त्यांनी जाहीर केलं. पातेलं ओट्यावर ठेवलं आणि सत्यमच्या क्लासच्या रुद्रेश सरांनाच फोन लावला.

सर लगेच आले. येणारच, खालचा हॉल क्लासला मिळावा म्हणून ते महिनाभर भाऊजींच्या मागं होते. उज्वला सतरंजी अंथरेपर्यंत सासूबाईंनी, साखराबाईंनी, ओट्यावरचं आयतं पाणी बघून त्यातच चहा टाकला.

कप फिरले. सरांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि तिथंच थांबली.

“गोड झालाय नव्हं?” साखराबाईंनी विचारलं.

“झकास,” सर म्हणाले. डोळ्यांत पाणी.

भाऊजींनी घोट घेतला, आईकडं पाहिलं आणि मुकाट्यानं दुसरा घेतला. माणूस वाईट नव्हता. पण वाईट माणसाला तोंडावर बोलता तरी येतं.

“सर, आता तुम्हीच सांगा. शंभर द्रावक का शंभर द्रावण?”

सरांनी वही पाहिली. खालच्या हॉलची आठवण झाली. “म्हणजे... एका अर्थानं, काकांचा विचार मूलभूत हाय.”

“ऐकलंस?” भाऊजी सत्यमकडं वळले. “सोमवारी असंच लिहायचं.”

सर कपात बघू लागले. सत्यमनं आईकडं पाहिलं. उज्वलानं हातातला कप खाली ठेवला.

“भाऊजी, चुकलंय.”

“हळू बोल,” भाऊजी कुजबुजले. “आईला वाईट वाटंल. पिऊन टाक चहा.”

“चहाचं न्हाई म्हणत मी,” उज्वला म्हणाली. “गणिताचं. तुम्हाला येत न्हाई ते.”