केरोबाच्या गार भिंती

एका जंगलात, बाळांनो, केरोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. त्याला दोनच गोष्टी सोसत नसत. ऊन आणि कष्ट.

म्हणून त्याने सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचं घर बांधलं. हे ब्लॉक वजनाला हलके, उचलताना कंबर धरत नाही. पोटात हवा, त्यामुळे ऊन बाहेरच राहतं. शिवाय आगीला दाद देत नाहीत. वर स्लॅब टाकला, पुढे लोखंडी दार बसवलं.

शेजारची चिमाबाई सशीण हसली. "भावजी, भिंती आतून पोकळच की हो!"

"मालकाला शोभायला नकोत का?" केरोबा म्हणाला.

घर खरंच गार. बाहेरचा आवाजही आत येईना. केरोबा भर दुपारी खुशाल घोरू लागला.

अशाच एका दुपारी वणवा लागला. चिमाबाई पिलं घेऊन केरोबाच्या दाराशी धावली. दार बडवलं, हाका मारल्या. दार काही उघडेना. शेवटी तिने पिलं ओढ्यात लोटली आणि मागून उडी टाकली. कशीबशी वाचली सगळी.

केरोबा संध्याकाळी जांभई देत बाहेर आला. जंगल काळंठिक्कर पडलं होतं.

"पाचोळा कुणी पेटवला रे?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सरपंच रानडुक्कर म्हणाले, "सगळे पळाले. केरोबा जागचे हलले नाहीत!"

"अहो, मी झोपलो होतो."

"ऐका! वणव्यात झोप! याला म्हणतात स्थितप्रज्ञ!"

चिमाबाई उठली. "मी दार बडवत होते. पिलं होरपळत होती."

"उघडलं असतं तर आग आत शिरली असती," सरपंच म्हणाले. "केवढं प्रसंगावधान!"

टाळ्या पडल्या. केरोबाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण सरपंचांनी पुढे केलेला हार मोहाच्या फुलांचा होता आणि वास फार गोड येत होता. त्याने मान वाकवली.

परतताना त्याने चिमाबाईला गाठलं. "वहिनी, चुकलो."

"पुढच्या वेळी हाक ऐकू येईल का, तेवढं सांगा."

केरोबाने त्याच दिवशी तिच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडलं. आता पिलांची किरकिरसुद्धा ऐकू येई. त्याला फार बरं वाटलं. पण भोकातून उन्हाची झळही येऊ लागली. दोन-चार दुपारी त्याने सोसलं. मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि भोकात उशी कोंबली.

तात्पर्य : संकटात डोकं थंड ठेवावं. डोक्याचं जमत नसेल, तर घर थंड ठेवावं. बाकीचं सरपंच बघून घेतात.