तीन भाऊ आणि पेटीवाली

आमच्या जळकोटात हायवेला लागून पेंडीचं एक दुकान आहे. तिथं सरकी पेंडीचं पोतं मागितलं, की आधी एक गाणं ऐकावं लागतं. गाणं स्पॅनिशमधलं असतं.

याला कारण वजनकाटा. दुकानाचे मालक चन्नाप्पा, म्हणजे गावाचे अण्णा, आपला काळा स्पीकर काट्यावरच ठेवतात. पोतं मोजायचं तर स्पीकर खाली उतरवावा लागतो, आणि गाणं चालू असताना तो उतरवणं अण्णांना पटत नाही. "देवीचा छबिना मधीच थांबवतेत का?" असं विचारतात. मग शेतकरी मोटरसायकल टेकवून उन्हात उभा राहतो, आणि मेक्सिकोतले तीन भाऊ त्याला काहीतरी कळवळून सांगत राहतात.

अण्णांचं वय सत्तरीला टेकलेलं. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. घरात कानडी, दुकानात मराठी. तिसरी भाषा त्यांना येत नाही. पण तिकडच्या आजकालच्या गाणाऱ्यांबद्दल ते आपल्या सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. खरी नावं उच्चारता येत नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवलीत. इलेक्ट्रिक गिटार आणि ट्रम्पेटवाले ते 'तीन भाऊ'. चिलीचा एक पोरगा कॉम्प्युटरमधून ढोल काढतो आणि वर कुजबुजल्यासारखं गातो, तो 'चुगलीवाला'. गळ्यात ॲकॉर्डियन अडकवून गाणारी कोलंबियाची बाई, ती 'पेटीवाली'.

परीक्षणही पेंडीच्याच भाषेत. चुगलीवाल्याचं नवं गाणं आलं तेव्हा मला म्हणाले, "ह्यात भुसा लई हाय, सर. पोट भरतंय, दूध न्हाय." तीन भावांवर मात्र त्यांचा जीव. "नोड्री, सर, ही निव्वळ सरकी!" नोड्री म्हणजे कानडीत 'बघा'. ते बघा म्हणाले की डोळे मिटायचे, एवढं मला सवयीनं कळलं होतं.

एकदा एक शेतकरी खोचकपणे म्हणाला, "अण्णा, तुमच्या गाण्यानं माझी म्हैस आटली."

"कुठलं लावलं व्हतं?"

"ते कुजबुजतंय ते."

"मग आटंलच की. धार काढताना तीन भाऊ लाव."

त्यानं खरंच लावलं. म्हशीचं पुढं काय झालं ते तो सांगत नाही, पण त्याच्या मोबाइलची रिंगटोन आता तीच आहे.

मी अण्णांचा शेजारी. हायस्कुलात चित्रकला शिकवतो, म्हणून 'सर'. एकदा मी खटपट करून तीन भावांच्या एका गाण्याचा अर्थ शोधून काढला आणि मोठ्या उत्साहानं दुकानात गेलो. अण्णांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "नगा सांगू. अर्थ कळला की माणूस ऐकायचं थांबतंय." आपण त्यांचं गाणं नासवणार होतो, या विचारानं मला पुढं कितीतरी दिवस चोरट्यासारखं वाटत राहिलं. तसं मला कशाचंही वाटतं. वर्गात पोराची रंगपेटी सांडली तरी मीच सांडल्यासारखा मी खाली वाकतो.

हे वेड अण्णांना कुठून लागलं? विचारलं तर उत्तर एकच. "कानडी वचनं लावली व्हती. ती संपली आन् फोननं आपल्या मनानं पुढचं लावलं. म्या ऐकलं." गावाचं उत्तर वेगळं होतं. पारावर म्हणायचे, "बायकोची वाचा गेली आन् नवऱ्याचं डोस्कं."

अण्णांची बायको गंगाकाकू. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, हात थोडा, शब्द मात्र परत आले नाहीत. कळतं सगळं. बोलायला तोंड उघडलं की एकच निघतं, "दिदो." आमटीत मीठ कमी पडलं तरी दिदो, दारात पाहुणा आला तरी दिदो. हीच बाई पूर्वी अंगणातून बोलायची ते हायवेपलीकडं ऐकू जायचं. आता ती बोलली की चार जणी अंदाज बांधायच्या. "दूध पायजे का, काकू? देवळाला जायचं का?" मीही बांधायचो, आणि तेही मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून, बालवाडीत बोलावं तसं. काकू माझ्याकडं बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. पुढं त्या लग्नाकार्यांतून उठल्या, अंगणातून उठल्या आणि दुकानामागच्या घराच्या आतल्या खोलीत गेल्या, त्या गेल्याच.

गेल्या हिवाळ्यात पुण्यात संगीताचा एक मोठा महोत्सव होणार होता. चुगलीवाला, तीन भाऊ आणि पेटीवाली, सगळेच येणार. ही बातमी अण्णांना फोननंच दिली असणार. सकाळीच ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "सर, तुमच्याकडं गाडी हाय." विनंती म्हणून एवढंच.

"तुम्ही आणि मी?"

"गंगव्वा बी."

अण्णांची बहीण शेजारच्या गल्लीत राहते. तिनं ऐकलं आणि तडक आली. "आजारी बाई घेऊन नाच बघाया निघाला व्हय? लोकं तोंडात शेण घालतील."

"घालू दे. इकत तर घेणार न्हाईत, माझ्याच दुकानापुढलं हाय." मग अण्णा हळू झाले. "अक्का, दोन वरसं झाली ती माणसात न्हाय. एकदा तिला माणसात बशिवतो. तिथं बी तिनं तोंडाला पदर लावला, तर परत कुठं न्हेणार न्हाय. म्या बी इचारणार न्हाय."

मला नाही म्हणता आलं नाही. पण आदल्या दिवशी गाडी बंद पडावी असं मला मनापासून वाटत होतं, हेही लिहून ठेवतो. गाडी एका किल्लीत चालू झाली.

सोलापूर मागं पडेपर्यंत अण्णा तीन भावांबद्दल बोलत होते. थोरला कसा आधी श्वास घेतो आणि मग ट्रम्पेटला तोंड लावतो, तो श्वास कसा ऐकू येतो. इंदापूरच्या पुढं मीही तो श्वास मोजायला लागलो. मागच्या सीटवर काकू खिडकीतून ऊस बघत होत्या.

मैदानाच्या फाटकावर रखवालदारानं आमचं पोतं अडवलं.

"ह्यात काय?"

"भुसा," अण्णा म्हणाले.

"कशाला?"

"बसाया. हिचा पाय दुमडत न्हाय."

त्यानं पोतं दाबून पाहिलं, वास घेतला आणि सोडलं. पण बरोबर बांधून आणलेली शेंगाची पोळी आत नेता येणार नाही म्हणाला. "मग तुमीच खावा," अण्णा म्हणाले, "टाकायची न्हाय." आम्ही आत शिरलो तेव्हा तो फाटकात उभ्यानं खात होता.

आत दुपारचं ऊन, गवत, आणि असल्या कपड्यांतली पोरं-पोरी की मी उगाचच शर्टाची इन नीट केली. अण्णा धोतराचा सोगा धरून रस्ता काढत होते आणि गर्दी त्यांना जागा देत होती. चुगलीवाल्याला आम्ही उभ्या उभ्या ऐकलं. "प्रत्यक्षात भुसा कमी हाय," असा निकाल मिळाला.

मग अडचण कळली. तीन भाऊ मोठ्या मंचावर आणि पेटीवाली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, छोट्या मंचावर, एकाच वेळी. मला अण्णांचंच वाईट वाटलं. वर्षभर ज्यांच्यासाठी गावानं उन्हात वाट बघितली, ते तीन भाऊ दोनशे पावलांवर होते. "अण्णा, तुम्ही तिकडं जा. काकूंपाशी मी बसतो."

"न्हाय सर. पेटीवालीकडं चला." त्यांनी विचार केल्याचंही मला दिसलं नाही.

कडुलिंबाखाली पोतं मांडून त्यांनी काकूंना बसवलं. काकूंचा पदर तोंडाशीच होता. पेटीवाली आली. पन्नाशीची, दोन वेण्या, छातीवर ती भली मोठी पेटी. ती भाता ओढायला लागली आणि खांद्यांपासून बोटांपर्यंत तिचं सगळं अंग गाणं झालं. इतका वेळ पोतं मोजायची वाट बघत मी हे ऐकलं होतं आणि यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

मग तिनं माइक लोकांकडं केला. ध्रुवपद आम्ही म्हणायचं होतं. समोर दोन-तीनशे पोरं, स्पॅनिश एकाला येत असेल तर शपथ. पण चाल सगळ्यांना आली होती. कुणी "ला ला" म्हणत होतं, कुणी "ओले ओले", कुणी नुसतंच "हूं". आमच्या शेजारची हिरव्या केसांची पोरगी तर "तुमबा तुमबा" असं काहीतरी पोटातून ओरडत होती.

काकूंनी तिच्याकडं बघितलं. मग पलीकडच्या पोरांकडं. मग परत तिच्याकडं. पदर हळूहळू मांडीवर आला.

"दिदो," काकू म्हणाल्या. मग चालीत, एकही सूर न चुकवता, "दिदो दिदो दिदो."

पोरगी वळली. मी घाबरलो, आता ही विचारणार, काय म्हणता आज्जी. तिनं काहीच विचारलं नाही. काकूंच्या पुढ्यात गवतावर बसली आणि पुढची ओळ दोघींनी मिळून म्हटली, एकीनं दिदो, एकीनं तुमबा. हायवे ओलांडणारा काकूंचा तो जुना आवाज तिथं होता.

अण्णा मंचाकडं बघतच नव्हते. "इथं ही भाषा कुणालाच येत न्हाय, सर," ते माझ्या कानाशी म्हणाले. "फोननं पहिल्यांदा लावलं, तवा आतल्या खोलीतनं गंगव्वा बारीक आवाजात गाण्यासंगं म्हणत व्हती. पेटीवालीच व्हती. म्या दारात गेलो तर गप झाली. तवापासनं गाणं चालू असलं की म्या आत जात न्हाय. दुकानातनं लावतो, मोठ्यानं."

पहिल्यांदाच मी अर्थ लावायला गेलो नाही.

मैदानाच्या त्या टोकाला तीन भाऊ चालू झाले होते. वाऱ्याबरोबर ट्रम्पेट मधूनच येत होता आणि विरत होता. अण्णांनी तोंड वळवलं नाही, नजर काकूंवरून काढली नाही. फक्त चपलेतला त्यांचा उजवा पाय तिकडचा ताल धरत होता.