लायलचा ट्रक आणि सहा हॉटडिश

"दोन बोल्ट सोडवायचे, ट्रकचा जुना स्टार्टर काढायचा, नवा बसवायचा, दोन बोल्ट पिळायचे. दुपारच्या जेवणाला मी हात धुऊन टेबलावर हजर!" शनिवारी सकाळी कॉफीचा मग खाली ठेवत लायल हॉगनने जाहीर केलं.

त्याच्या बायकोने, डोरीनने, मान वर केली नाही. तीस वर्षं शाळेत नर्स म्हणून काढलेली बाई. असल्या घोषणा तिने पोरांच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या होत्या. "अट आठवते ना?" एवढंच ती म्हणाली.

अट गावभर पाठ होती. पिकअप ट्रक लायलच्या बापाचा, एकाहत्तर सालचा. गेल्या चार वर्षांत त्याने लायलचं एक बोट मोडलं होतं, भुवई फाडली होती आणि कंबर दोनदा धरायला लावली होती. भुवईला टाके घालून घरी आणताना डोरीनने निकाल दिला होता: आणखी एक जखम, की ट्रक भंगारात! तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि लायलचा तर त्या ट्रकवर जीव. बापाने आयुष्यात कधी प्रेमाचा शब्द काढला नाही, पण बर्फात शाळेपर्यंत सोडलं ते ह्याच ट्रकातून. ट्रक भंगारात गेला तर बापाला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं होईल, असं लायलला वाटे. हे तो कुणाला बोलला नव्हता. मिनेसोटात असलं कुणी बोलत नाही.

डोरीन चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली आणि लायल गॅरेजमध्ये ट्रकखाली शिरला.

पहिला बोल्ट पार गंजलेला. लायलने पाना लावला, जोर केला, आणखी जोर केला. बोल्ट जागचा हलला नाही, पाना मात्र सटकला आणि मूठ लोखंडावर आपटली. चार बोटांची सालटी! लायलने दात आवळले, बोटं फडक्याने पुसली, त्यांना चिकटपट्टी गुंडाळली आणि वर जाड हातमोजे चढवले. जुलै महिना होता.

त्या जाड हातमोज्यांनी तो बॉनेटखाली वाकला आणि कोपराचा धक्का बॉनेटच्या टेकूला लागला. बॉनेट धाडकन डोक्यावर! कळवळून मागे सरकला तो स्टुलाला धडकला, आणि स्टुलावर काढून ठेवलेली बॅटरी त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर उतरली.

आता उभं राहायची सोय नव्हती. डोक्यावर टेंगूळ, टेंगळावर टोपी, असा तो चाकांच्या फळीवर आडवा पडून पुन्हा ट्रकखाली गेला. तिथे निदान कुणाला दिसत तरी नव्हतं. तेवढ्यात शेजारची अर्डिस आली. जुलैत सगळ्यांच्या परसात काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिनी उतू जातात, तशा तिच्याही गेल्या होत्या.

"लायल, झुकिनी आणल्यात! हव्यात का?"

लायलने श्वास रोखला. अर्डिसने पाहिलं म्हणजे डोरीनने पाहिलं!

"नको असतील तर तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही."

गप्प. अर्डिसने वाकून बाहेर आलेला बूट हलवून पाहिला. उजवाच! लायलच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्याने हूं की चूं केलं नाही. अर्डिसला शेजारी पडलेलं रक्ताचं फडकं दिसलं.

दुसरी कुणी असती तर अँब्युलन्स बोलावली असती. पण अर्डिस स्वभावाने भिडस्त. शनिवारी अँब्युलन्सवरच्या पोरांना कशाला तसदी द्यायची? तिने घरी जाऊन चर्चच्या प्रार्थना-साखळीला फोन केला. या साखळीत पहिल्याने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि घटकाभरात अख्खा गाव देवापुढे. अर्डिस म्हणाली, "लायल ट्रकखाली आहे, हलत नाहीये." तिसऱ्या फोनला ट्रक लायलच्या अंगावर पडला होता. पाचव्याला त्याचे पाय गेले होते. यादीत सहावं नाव डोरीनचं! साखळी तुटता कामा नये, म्हणून तिने आधी सातव्या नंबराला फोन लावला आणि मग गाडीकडे पळत सुटली.

इकडे लायलने तो बोल्ट एकदाचा सोडवला. खुशीत फळी ढकलून तो बाहेर आला, तर दारात दहा-बारा माणसं माना खाली घालून उभी! ट्रकच्या मागच्या फाळक्यावर सहा हॉटडिश वाफाळत होत्या, दुःखाच्या घरी न्यायची ती ओव्हनमध्ये भाजलेली पात्रं: बटाटे, खिमा, चीज, सगळा सरंजाम. पास्टर म्हणत होते, "आपल्या लायलला शांती लाभो..."

"हॅलो," लायल म्हणाला.

एक बाई किंचाळली. अर्डिस त्याचे पाय निरखत म्हणाली, "अख्खा आहे की हा!" आवाजात जराशी तक्रार होती.

तेवढ्यात डोरीनची गाडी आली. ती सरळ लायलपाशी गेली. हातमोजे काढले, टोपी काढली, बूट काढला. "एक. दोन. तीन."

"किरकोळ आहे गं."

"किरकोळ? गाडी चालवताना मी हिशेब करत होते, चाकाच्या खुर्चीसाठी न्हाणीघराचं दार किती रुंद करायचं!" तिचा आवाज चिरकला. चारचौघांत आवाज चिरकला याचा तिला इतका राग आला, की तिने ट्रकच्या बंपरला सणसणीत लाथ हाणली. बंपर पोलादी. तिने चपला घातल्या होत्या.

कुणी हसलं नाही. सगळे हॉटडिशकडे बघू लागले.

डोरीन एका पायावर उभी राहून ट्रककडे रोखून बघत राहिली. मग म्हणाली, "इकडे दे तो पाना."

"डोरीन, अगं, भंगारवाला..."

"पाना! आणि टॉर्च धर. बोल्टवर! माझ्या डोळ्यांत नाही!"

लोकांनी उभ्या उभ्या हॉटडिश खाल्ली. ट्रकखालून ठोकाठोक ऐकू येत होती, आणि मधूनच शाळेच्या नर्सला न शोभणारे शब्द. पास्टरांनी बशीत लक्ष घातलं. तासाभराने डोरीन बाहेर आली, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थुंकलं आणि धडधडू लागलं!

"वाईट नाही," कुणीतरी म्हणालं. त्या गावात याहून मोठं कौतुक नसतं.

लायलला भरून आलं. मग त्याला डोरीनची बोटं दिसली. सालटी निघाली होती. "तुला लागलंय! मग आता... ट्रक?"

"अट तुझ्यासाठी होती, आणि ती तू मोडलीस. माझा ट्रक कुठे जात नाही."

लायल डोळे पुसून लंगडत ड्रायव्हरच्या दाराशी गेला. डोरीन खिडकीची काच वर करत होती.

"तू कुठे निघालास? घरात जाऊन अंगठ्याला बर्फ लाव. अर्डिस, बस गं पलीकडून. तळ्यापर्यंत चक्कर मारून येऊ."

ट्रक रस्त्याला लागला. वळणावर दिसेनासा झाला तरी लायल तिकडेच बघत उभा होता. पास्टर बशी घेऊन शेजारी आले.

"मग लायल, साखळीला कळवू ना, आता प्रार्थना थांबवा म्हणून?"

"एवढ्यात नको," लायल म्हणाला.